वीणेचं पार्सल

गुंडाप्पा वारले तेव्हापासून त्यांची वीणा खुंटीलाच होती. ढोकीजवळच्या आमच्या गावात सप्ताहाला त्यांनी अठ्ठावीस वर्षं वीणा गळ्यात घालून पहारा दिला. आता गावाने नवी वीणा आणली, आणि त्यांच्या बायकोला, म्हाळसाबाईंना, एकच घोर लागला: मालकांची वीणा मुकी राहू नये. म्हणून मुलाने, भागवतने, ती मोबाईलवर विकायला टाकली. वर लिहिलं, पार्सलखर्च साडेतीनशे वेगळा.

इंदापूरकडच्या महारुद्र नावाच्या माणसाने लगेच पैसे पाठवले. त्यांचा सप्ताह सोमवारी बसणार होता आणि गावात वीणा नव्हती.

घोळ झाला तो खोक्यात. सप्ताहात वीणा कधी आडवी ठेवत नाहीत, या गळ्यातून त्या गळ्यात जाते. म्हाळसाबाईंनी ती आडवी घालूच दिली नाही. शेवटी भागवतने फ्रीजचं रिकामं खोकं आणलं, आत वाकळ कोंबली आणि वीणा उभी केली.

पार्सलवाला बघतच राहिला. "मावशी, फ्रीज पाठवताय व्हय?"

"वीणा हाय बाबा. उभीच जाऊ दे."

"जाईल की. पण आमी वजन न्हाय, खोकं मोजतो. अकराशे ऐंशी."

भागवतने तिथूनच फोन लावून वरचे पैसे मागितले. महारुद्र भडकला. "साडेतीनशे लिहिलं होतं ना? देवाच्या वस्तूवर धंदा करताय राव! पैसे परत करा, न्हायतर फसवलं म्हणून सगळीकडं लिहितो."

भागवतही तापला. "आडवी घातली असती तर साडेतीनशेतच बसली असती!"

"मग घाला की आडवी!"

म्हाळसाबाईंनी फोन ओढून घेतला. "महाराज, सप्त्यात वीणा आडवी ठेवता व्हय तुमी?"

पलीकडचा आवाज उतरला. "न्हाय, आजी. आमच्याकडं बी ठेवत न्हाईत."

"मग मला सांगता? ऱ्हाऊ द्या पार्सल. म्याच आणते. पंच्याहत्तरी झाली, एसटी फुकट हाय मला. तुमी टेंभुर्णीपातूर या."

दुसऱ्या दिवशी मायलेक निघाले. कंडक्टर म्हणाला, "आजी, वर टाकू का ते?"

"तुलाच टाकू का वर?" म्हाळसाबाई म्हणाल्या. तीन तास वीणा त्यांच्या मांडीवर उभी होती.

टेंभुर्णीच्या स्टँडवर महारुद्र वाट बघत होता. वाटला होता त्याहून तरणा निघाला. "बोललो ते चुकलं," एवढंच म्हणाला, चपला काढल्या आणि वीणा घेणारा वाकतो तसा त्यांच्या पायांवर वाकला.

आता वीणा द्यायची. म्हाळसाबाईंचे हात सुटेनात.

"आई, परतीची गाडी लागलीय," भागवत म्हणाला.

"थांब रे." त्या महारुद्रला म्हणाल्या, "पहिला पहारा कुणाचा?"

"माझाच. दोन तास."

"मालक चार तास उभे राहायचे."

"मग मी बी चार राहीन."

त्यांनी वीणा त्याच्या गळ्यात घातली. तार उतरली होती. त्याने खुंटी पिळली, बोट फिरवलं आणि हलक्या आवाजात 'राम कृष्ण हरी' सुरू केलं. टोपल्या घेऊन बसलेल्या बायांनी हात जोडले.

म्हाळसाबाई वाकल्या. तो गडबडून मागं सरला. "आजी, माझ्या पाया नका पडू!"

"तुमच्या कुठं? वीणेकऱ्याच्या पडते. उभे राहा."

तो उभा राहिला. गाडी सुटली तरी त्याचं बोट तारेवरून थांबलं नव्हतं.