हवासा आकडा

सुरी विकत घेताना आपण तिच्यासोबतचे कार्ड वाचतो आणि मान डोलावतो. कार्डावर दोन-तीन अगम्य धातूंची नावे असतात, शेजारी कठिणतेचा एक आकडा असतो आणि खाली 'आयुष्यभर धार' असे काहीतरी छापलेले असते. थोड्याच दिवसांत ती सुरी टोमॅटो कापायचे सोडून चेंगरायला लागते. मग आपण सुरीच्या नावाने बोटे मोडतो, दुकानदाराच्या नावाने मोडतो, आणि पुढच्या खेपेला त्याहून मोठा आकडा पाहून दुसरी घरी आणतो.

या प्रकाराला कंटाळून एका शहरातल्या सुऱ्या बनवणाऱ्या कारागिरांच्या संघटनेने कठिणता मोजायचे यंत्र घेतले. यंत्राच्या टोकाला हिऱ्याचा बारीक सुळका असतो. तो ठरलेल्या वजनाने पात्यावर दाबायचा. पाते जितके कठीण, तितका सुळका कमी रुततो आणि तबकडीवरचा आकडा चढतो. संघटनेने नियम केला की कार्डावरचा आकडा आणि तबकडीवरचा आकडा जुळला पाहिजे. एक-दोनचा फरक चालेल. फरक थोडा जास्त निघाला तर कार्ड बदलायचे. पण धडधडीत थाप निघाली तर सुरी संघटनेच्या दुकानातून बाहेर आणि ती बनवणारा संघटनेतून बाहेर.

यंत्र कोणाच्या ताब्यात द्यायचे, यावर वाद झाला नाही. सगळ्यांनी ताईकडे बोट दाखवले.

ताई म्हणजे वडिलांचा सुऱ्यांचा कारखाना एकहाती चालवणारी बाई. कारखाना कसला, घरामागची मोठी खोली, एक भट्टी, धार लावायची दोन सहाणयंत्रे आणि भिंतीला टेकवून ठेवलेल्या पोलादाच्या पट्ट्या. पण तिच्या सुरीवर साठ लिहिलेले असले की साठ, हे गिऱ्हाइकालाही ठाऊक होते. तिने कधी कोणाच्या दबावाखाली आकडा फिरवला नव्हता. बाई सरळ होती. अडचण एवढीच की तिला एक धाकटा भाऊ होता.

धाकटा लहानपणापासून लाडका. वडिलांनी भट्टीसमोर उभे राहायला सांगितले की याला ताप यायचा. पुढे तो परगावी हत्यारांच्या मोठ्या कंपनीत नोकरीला लागला. घर, भट्टी, वडिलांची दुखणी सगळे ताईने निस्तरले. आणि आता हे चिरंजीव परत आले, दोन गल्ल्या सोडून नवे कोरे दुकान थाटले आणि 'व्हॅनेडियम-नायोबियम मिश्रधातू, कठिणता ६४' अशी सोनेरी कार्डे छापून सुऱ्या विकू लागले. सुरी नव्हे, अग्निबाणच विकायला काढला होता जणू. शेजारणी ताईलाच सांगत येत, "भावानं नाव काढलं हं तुझ्या! काय सुरी आहे, नुसती फिरते." ताई हसून "हो ना" म्हणे आणि आत जाऊन भांडी आपटे.

हेही तिने गिळले असते. पण एका सकाळी ती स्वयंपाकघरात आली तेव्हा बाबा ओट्याशी कांदा चिरत होते. हातात धाकट्याची सुरी होती. ताईने त्यांच्यासाठी स्वतः घडवलेली सुरी, जिच्या मुठीचे लाकूड तिने त्यांच्या हाताच्या मापाने घासले होते, ती बाजूला पुसून ठेवलेली. तिला पाहताच बाबांनी जरा घाईने कांदा आवरता घेतला. त्या दिवसापासून तिला भावाची सुरी डोळ्यांसमोर नकोशी झाली. इतकी वर्षे राबायचे मी, आणि कांदा चिरायचा त्याच्या सुरीने?

अशात धाकट्याने आपली सुरी तपासणीसाठी पाठवली.

पाते नेहमी मुठीजवळच्या सपाट पट्टीवर मोजायचे असते, हे ताईला झोपेतून उठवून विचारले असते तरी तिने सांगितले असते. पण त्या पट्टीवर धाकट्याने ऐटीत आपली खूण कोरली होती. ती खूण दिसताच ताईच्या कपाळावर आठी चढली. तिने पाते थोडे पुढे सरकवले, जिथे धारेकडे जाणारा उतार सुरू होतो तिथे, आणि दाबले.

काटा चव्वेचाळीसवर थांबला.

ताईने आकडा दोनदा वाचला. मोजला मात्र एकदाच. तिच्या अंगात अशी काही गार झुळूक शिरली की विचारता सोय नाही. चौसष्ट म्हणे! तिने लगेच संघटनेच्या अध्यक्षांना फोन लावला.

"चव्वेचाळीस?" अध्यक्ष चकित झाले. "अगं, तुझा सख्खा भाऊ ना तो?"

"म्हणूनच सांगते. आपला-परका मी बघत नाही."

"मग उद्याच्या सभेत ठेवावं लागेल. त्याचं दुकान उठेल बघ."

"नियम म्हणजे नियम," ताई म्हणाली, आणि त्या दिवशी तिला दुपारचे जेवण फार गोड लागले.

जेवणानंतर आत्या आल्या, बाबांची बहीण. त्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या धातुशाळेत प्रमुख होत्या आणि हे यंत्र वापरायला ताईला त्यांनीच शिकवले होते. बाबांशी गप्पा झाल्यावर त्या सवयीने कारखान्यात डोकावल्या. टेबलावर ती सुरी होती. आत्यांनी ती उचलली, खिडकीपाशी नेली, पर्समधले भिंग काढून डोळ्याला लावले.

"हा ठसा तुझा?"

"हो. चव्वेचाळीस आले. लबाडी नुसती."

"ठसा गोल नाहीये गं. लांबट आहे, एका अंगाला घसरलेला." आत्या शांतपणे म्हणाल्या. "उतारावर दाबलंस. सुळका तिरका घसरला की आकडा कमीच येणार. हे मी तुला पहिल्या दिवशी सांगितलं होतं."

"घाईत झालं असेल."

"किती ठिकाणी दाबलंस?"

ताई टेबल पुसायला लागली.

"तुझ्या स्वतःच्या सुरीवर किती ठिकाणी दाबतेस?"

"तीन."

"आणि इथं एकदाच. का गं?" आत्या स्टुलावर बसल्या. "मी सांगू? पहिल्याच फटक्यात तुला हवा तो आकडा मिळाला. चौसष्ट आला असता तर तू यंत्र उघडून झाडून पुसून पुन्हा मोजलं असतंस. दहादा मोजलं असतंस."

ताईचा चेहरा उतरला. मग एकदम तिचा बांध फुटला. "मोजलं असतं! हो, मोजलं असतं. आत्या, सगळं मी केलं. भट्टी मी सांभाळली, बाबांना मी सांभाळलं. आणि तो सोनेरी कार्डं घेऊन येतो आणि बाबासुद्धा त्याचीच सुरी हातात घेतात. माझी बाजूला ठेवतात. मला बघवत नाही."

"बाबाची बोटं बघितलीस हल्ली?"

"काय झालं बोटांना?"

"सांधे धरलेत. तुझी सुरी जाड पात्याची, वजनाला भारी. त्याला पेलत नाही. धाकट्याची पातळ आहे, म्हणून घेतो. तुला सांगत नाही, कारण तुझी सुरी तू खास त्याच्यासाठी घडवलीस. मला आत्ता म्हणाला, पोरीला कसं सांगू, तिला लागेल."

ताई खाली बसली. ज्या वडिलांना आपण सांभाळतो असे ती मनातल्या मनात घोकत होती, त्यांची बोटे तिने पाहिलीच नव्हती. ती कोण कोणाची सुरी धरतो, एवढेच पाहत होती. तिला स्वतःची लाज वाटली, आणि ती पदराने डोळे पुसत बराच वेळ तशीच बसून राहिली.

"बोलाव धाकट्याला," आत्या म्हणाल्या. "त्याच्यासमोर मोजू."

धाकटा आला तो आधीच रडवेला. सभेची कुणकुण त्याला लागली होती. ताईने त्याच्याकडे न बघता आधी कठिणता पक्की ठाऊक असलेल्या ठोकळ्यावर यंत्र तपासले. मग पात्याची सपाट पट्टी नीट टेकवली आणि खुणेच्या आजूबाजूला एकेक करून तीन ठिकाणी दाबले. एकोणसाठ. अठ्ठावन्न. एकोणसाठ.



"चौसष्ट आहे, आत्या," धाकटा पुटपुटला. "पोलाद विकणाऱ्यानं कागदावर तसं दिलंय."

"तू मोजलंस?"

"नाही. म्हणजे... आकडा चांगला होता, म्हटलं कशाला."

"अरे, तो आकडा त्या धातूला गाठता येतो, एवढंच तो कागद सांगतो. गाठला की नाही, ते तू भट्टीत किती तापवलंस आणि कसं थंड केलंस त्यावर ठरतं. नायोबियम नाव घेतल्यानं पातं कठीण होत नाही." आत्यांनी दोघांकडे आळीपाळीने पाहिले. "तुला मोठा आकडा हवा होता, तो तू घेतलास. हिला छोटा हवा होता, तो हिनं घेतला. पातं काय म्हणतंय, ते दोघांनीही विचारलं नाही. भावंडं शोभता खरी."

धाकट्याला हसू आले. ताईला आले नाही. चूक दोघांची होती, पण भावाच्या चुकीने फार तर कार्ड बदलले असते. तिच्या चुकीने भावाचे दुकानच उठले असते.

दुसऱ्या दिवशी सभा भरली. अध्यक्षांनी विषय पुकारला तशी ताई उभी राहिली. धाकट्याच्या सुरीची कठिणता एकोणसाठ आहे, कार्डावरचे चौसष्ट चूक आहे, ते बदलावे, असे तिने सांगितले.

"पण तू तर चव्वेचाळीस म्हणाली होतीस," अध्यक्ष म्हणाले. "यंत्र बिघडलं होतं का?"

पळवाट आयती पुढ्यात आली होती. यंत्राने काही तोंड उघडले नसते.

"यंत्र ठीक होतं," ताई म्हणाली. "मी उतारावर मोजलं, आणि एकदाच मोजलं. मला त्याचा हेवा वाटत होता. आकडा कमी आला तेव्हा मला आनंद झाला, म्हणून मी थांबले."

मग धाकटा उठला आणि आपण ते चौसष्ट कधी मोजलेच नव्हते, असे त्यानेही सांगून टाकले. मागच्या रांगेतल्या दोघा-तिघांनी आपापली कार्डे हळूच खिशात घातली.

शेवटी कोणीतरी विचारलेच, "मग आता हे यंत्र दुसऱ्या कोणाकडे द्यायचं का?"

"ताईकडेच राहू द्या," अध्यक्ष म्हणाले. "आपला हात कुठं घसरतो ते तिला आता ठाऊक झालंय. आपल्याला आपलं अजून कळायचंय."

वाचकहो, सुऱ्यांचे सोडा. आपण रोज माणसे मोजतो, शेजारी मोजतो, भावंडे मोजतो. ज्याच्याविषयी मनात जळफळाट असतो त्याचे एखादे उणे कानावर आले की आपली खात्री तिथल्या तिथे पटते, आणि त्यालाच आपण सरळपणा म्हणतो. दुसऱ्याविषयीचे जे ऐकून मनाला गोड वाटेल, ते खरे मानण्याआधी पुन्हा एकदा मोजून पाहावे. शक्यतो त्याच्यासमोर.