पान दोनशे चौदा

ग्रंथालयात मला सगळे कुलूपबाई म्हणतात. पाठीमागे, अर्थात. तोंडावर नुसतं बाई. मला दोन्ही चालतं. तळघरातला जुन्या कागदांचा विभाग सव्वीस वर्षं माझ्या ताब्यात आहे आणि या सव्वीस वर्षांत तिथून एक चिटोरं बाहेर गेलेलं नाही. माझे नियम तीनच. पिशवी दाराबाहेर, टिपणं काढायला फक्त पेन्सिल, आणि काहीही उघडण्याआधी नोंदवहीत पेनने सही आणि तारीख. माणसाच्या शब्दावर मी जात नाही. शपथा घेणाऱ्याच्या तर मुळीच नाही.

तर धाकटीचा प्रबंध. धाकटी म्हणजे माझी बहीण, माझ्याहून चौदा वर्षांनी लहान. आई लवकर गेली, त्यामुळे तिच्या वेण्या मी घातल्यात आणि धपाटेही मीच घातलेत. शाळेत शिकवता शिकवता तिनं सात वर्षं या प्रबंधात घातली. विषय जुन्या काळच्या सुइणींचा. गुरुवारी तिची तोंडी परीक्षा होती, आणि सोमवारी तिनं बांधलेली प्रत माझ्या टेबलावर आणून ठेवली. नजर फिरव म्हणाली, सहजच, विशेष काही नाही. विशेष काही नाही म्हटलं की माझे कान टवकारतात.

मंगळवारी सकाळी तिसऱ्या प्रकरणात मला एक वाक्य दिसलं. बहुतेक सुइणींनी आपला व्यवसाय स्वखुशीने सोडला. खाली तळटीप होती, सुइणींच्या पाहणीचा अहवाल, पान २१४.

तो अहवाल माझ्याकडे आहे. त्याची दुसरी प्रत कुठं असल्याचं कुणाच्या ऐकिवात नाही. निळ्या कापडी बांधणीचा, खालून दुसऱ्या फळीवर. मी उठले, काढला, शेवटचं पान उघडलं. पान १८६. पुढे नुसता पुठ्ठा.

टंकताना चुकलं असेल म्हणून मी वरच्या मजल्यावर गेले आणि या विषयावरचे प्रबंध, लेख, पुस्तकं दुपारभर चाळली. सदतीस जणांनी हेच वाक्य लिहिलं होतं आणि सदतीसही जणांनी पान २१४ दिलं होतं. मग नोंदवही काढली. हा अहवाल उघडल्याची सही त्यात एकच, एकतीस वर्षांपूर्वीची, माझ्याही आधीची. सही मोठ्या सरांची. मोठे सर म्हणजे या विषयातला शेवटचा शब्द, आणि गुरुवारी बाहेरचे परीक्षक म्हणून येणारे तेच. म्हणजे मूळ कागद पाहिला एकानं. बाकीच्यांनी एकमेकांचं पाहून उतरवलं, आणि त्यात आमच्या घरचं रत्नही.

इतकी चिडले होते की अहवाल तिथेच उभ्यानं वाचायला लागले. इतकी वर्षं मी तो झटकला होता, पुसला होता, वाचला कधीच नव्हता, हेही सांगून टाकते. पान १३१ वर सुईण क्रमांक ४३ ची जबानी होती. नाव नव्हतं. पाहणी करणाऱ्यानं कंसात टिपून ठेवलं होतं, डाव्या हाताला सहा बोटं. खाली तिचे शब्द होते. ‘मी सोडलं नाही. दवाखान्याचे लोक आले आणि माझी पेटी घेऊन गेले.’

आमच्या आजीच्या डाव्या हाताला सहा बोटं होती. आणि ही दोन वाक्यं तिनं मरेपर्यंत आम्हा दोघींना शंभर वेळा ऐकवली होती, अशीच, एकही शब्द इकडचा तिकडे नाही. मी स्टुलावर बसले आणि चांगली रडले. तळघरात कोण बघतंय.

संध्याकाळी तडक धाकटीकडे गेले. ती गुरुवारसाठी कपड्यांना इस्त्री करत होती. मी सगळं सांगितलं तेव्हा तिनं आधी इस्त्रीचं बटण बंद केलं, मग खाली बसली. मला वाटलं होतं ती चकित होईल. ती चकित झाली नाही, हेच मला खटकलं. पहिल्या मसुद्यात तिनं आजीचंच लिहिलं होतं म्हणे. तिच्या मार्गदर्शक बाईंनी त्यावर लाल रेघ मारली. घरातल्या गोष्टी म्हणजे पुरावा नव्हे, आणि एवढे अभ्यासक काय वेडे आहेत का, असं विचारलं. चर्चासत्रात तिनं तेच मांडलं तर लोक गालात हसले. मग तिनं सगळे लिहितात तसं लिहिलं, आणि दुसऱ्याच सत्रात चहाच्या वेळी कुणीतरी तिच्यासाठी खुर्ची ओढली.

"सात वर्षं मी दाराबाहेर उभी होते, ताई," ती म्हणाली. "त्यांच्यासारखं लिहिलं तेव्हा आत घेतलं. आता परवावर परीक्षा आली असताना हे सांगतेस?"

मी विचारलं, मग तळघरात का आली नाहीस? बहीण तिथे बसलेली, दोन जिने उतरायचे फक्त.

"आजी सापडली असती तर?" ती म्हणाली. "मग काय लिहिलं असतं मी?"

मी उठले. निघताना तिनं सहज विचारावं तसं विचारलं, तो अहवाल कुठल्या फळीवर असतो गं? मला ते विचारणं आवडलं नाही. सख्खी बहीण असली तरी बुधवारी सकाळी पहिलं काम मी काय केलं असेल, तर अहवाल फळीवरून काढून माझ्या खणात ठेवला, कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली.

आणि अकरा वाजता मोठे सर स्वतः जिना उतरून आले. म्हातारे झालेत, कठड्याला धरून उतरले. पिशवी न सांगता बाहेर ठेवली, आणि त्यांनी मागितला नेमका तोच अहवाल. एकतीस वर्षं आठवण झाली नाही आणि आज बरी झाली. चोराच्या मनात चांदणं. सही घेतली, अहवाल दिला आणि मांजर उंदराच्या बिळापाशी बसतं तशी समोर बसून राहिले.

त्यांनी शेवटचं पान उघडलं. मग पुन्हा सुरुवातीपासून, एकेक करत. बराच वेळ गेला. शेवटी चष्मा काढून म्हणाले, "तेव्हा झेरॉक्स नव्हतं हो इथं. मी वहीत उतरवून घेत होतो. दोनशे चौदा हे माझ्या वहीचं पान आहे."

मी विचारलं, आणि ते वाक्य?

"तो माझा अंदाज. उतरवता उतरवता मध्येच लिहिलेला." मग आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "उद्याच्या मुलीनं हा पाहिलाय का?"

हो म्हणावं तर सव्वीस वर्षांची नोंदवही खोटी. नाही म्हणावं तर धाकटीची सात वर्षं मातीत. मी नोंदवही त्यांच्याकडे सरकवली. त्यात दोनच सह्या होत्या, एकतीस वर्षांचं अंतर, दोन्ही त्यांच्याच. त्यांनी वही मिटली, आभार मानले आणि गेले. मी अहवालाची पानं मोजली. एकशे शहाऐंशी होती. तरी परत एकदा मोजली.

गुरुवारी मी शेवटच्या रांगेत किल्ली मुठीत धरून बसले. आज सर तिला सोलून काढणार, नाहीतर ती उठून सगळं बोलणार, असं धरूनच चालले होते. सरांनी पहिलं प्रकरण विचारलं, दुसरं विचारलं. तिसऱ्याशी आले तेव्हा धाकटीनं टेबलाची कड घट्ट धरलेली मला मागूनही दिसली. सरांनी पान उलटलं. "हे प्रकरण भक्कम आहे," म्हणाले आणि चौथ्याकडे वळले. धाकटीनं कड सोडली. अर्ध्या तासानं टाळ्या झाल्या, मार्गदर्शक बाईंनी तिला मिठी मारली, आणि सदतीसांत अडतिसावी जमा झाली. झाकली मूठ सव्वा लाखाची.

जिना उतरताना मला माझाच राग येत होता. काय म्हणून मी दोन दिवस कुलपं लावत बसले? अहवाल चोरायची कुणाला गरजच नव्हती. तो फळीवर उघडा असता तरी सुरक्षित होता, कारण तो कुणी वाचतच नव्हतं.

दिवे मालवायच्या बेतात असताना धाकटी आली. वर तिच्यासाठी चहा चालला होता, तो सोडून आली होती. पिशवी बाहेर ठेवली आणि म्हणाली, "ताई, तो अहवाल दे."

माझ्या मनात पाल चुकचुकली. आता कशाला हवाय? पदवी तर मिळाली. मी नोंदवही पुढे केली, पेन दिलं आणि सही कर म्हटलं. तिनं सही केली. तारखेच्या रकान्यावर तिचं पेन थांबलं. परीक्षा झाल्यावरची तारीख तिथं पडली की उद्या कुणीही वही उघडून म्हणू शकेल, हिनं प्रबंध आधी लिहिला आणि अहवाल नंतर पाहिला. तिला ते कळत होतं. तिला कळतंय हे मला कळत होतं. मागची एखादी तारीख टाकू का असं तिनं विचारलं असतं, तर मी काय केलं असतं, देव जाणे.

तिनं आजची तारीख घातली, ठसठशीत, आकडा न आकडा वाचता येईल अशी.

मी खणातून अहवाल काढून दिला. पान मी सांगितलं नाही, तिनं विचारलंही नाही. एकेक पान वाचत गेली. १३१ वर आली तेव्हा तिचा हात तोंडावर गेला. मग नाक पुसलं आणि माझ्याकडे न बघता हात पुढे केला. मी पेन्सिल दिली, आणि एक कोरा कागद.

सगळ्यात वर तिनं पानाचा आकडा लिहिला. मी खुर्चीमागून वाकून तपासला. १३१. बरोबर होता.