मागे राहिलेली वेळ

थोरलीचं काम सांगितलं की लोकांना आधी हसूच यायचं. मेनफ्रेम नावाच्या, कपाटाएवढ्या एका यंत्राच्या पोटात शेकडो सर्व्हर नांदत होते. सगळे आभासी, पण प्रत्येकाला वाटे, आपली चूल वेगळी. या सगळ्यांची घड्याळं एका वेळेवर ठेवायची, हे तिचं काम.

"म्हणजे किल्ली देत हिंडतेस?" बाबा विचारायचे.

"हिंडू दे की," आई आतून म्हणायची. "घरातलं बंद पडलेलं घड्याळ तेवढं दिसत नाही तिला."

आता आई नव्हती, आणि बाबांना ते माहीत नव्हतं. अपघात झाला तेव्हा दोघं एकाच गाडीत होते. बाबा कित्येक आठवडे बेशुद्ध राहिले. डोळे उघडले ते जणू त्याच सकाळी. पहिलाच प्रश्न, "ही कुठाय?"

थोरलीला हे ओळखीचं होतं. एखादा सर्व्हर काही कारणानं झोपवून ठेवतात. उठवला की तो झोपल्या क्षणापासून पुढे मोजू लागतो. मधला काळ त्याच्या गावीही नसतो. त्याला हिसका देऊन पुढे आणला तर मधली सगळी कामं एकदम अंगावर येतात आणि तो भांबावतो. म्हणून त्याचं घड्याळ किंचित जलद चालवायचं. कुणाला कळतही नाही, आणि तो हळूहळू बरोबरीला येतो.

"बाबांनाही तसंच आणू," ती धाकट्या भावाला म्हणाली. "आधी सांगू, आई दुसऱ्या हॉस्पिटलात आहे. मग, जरा बिघडलंय. मग..."

"ताई, बाबा आहेत ते. तुझं यंत्र नव्हे."

"मग तू सांग. जा, आत्ता जा."

धाकटा वाकून बुटाची नाडी बांधू लागला. ती सुटलेली नव्हती.

मग ते सुरू झालं. बाबा रोज निरोप द्यायचे. "तिला म्हणावं, माझी काळजी नको. आणि चष्मा सापडला का विचार."

दुसऱ्या दिवशी थोरली उत्तर घेऊन हजर. "सापडला म्हणाली. आणि म्हणाली, ताट परत पाठवू नका, सिस्टरवर डोळे वटारू नका."

बाबा मान खाली घालून निमूट जेवायचे. थोरलीला वाटायचं, जमतंय.

मग आईला ताप आला. बाबा म्हणाले, उतरेल. ताप उतरेना. बाबा म्हणाले, तिची हाडं चिवट आहेत, तुम्हाला माहीत नाही. आईला आयसीयूत हलवल्याचं ऐकल्यावर तर त्यांनी वॉकर धरून चालायचा सराव सुरू केला. दात-ओठ खात व्हरांड्याच्या टोकापर्यंत जायचे आणि भिंतीला टेकून धापा टाकायचे.

"आजोबांनी काय मनावर घेतलंय बघा!" सिस्टर कौतुकानं म्हणाल्या. थोरलीला हसता येईना.

त्याच सुमारास ऑफिसात एक सर्व्हर उठवला होता, आणि थोरली त्याला तसाच हळूहळू पुढे आणत होती. शेजारच्या टेबलावरची मैत्रीण कधीच घाई करत नसे, म्हणून तिला सगळे गोगलगाय म्हणत. तिनं थोरलीच्या स्क्रीनवर नजर टाकली.

"अगं बाई, हे काय चालवलंयस? हा महिनोन्‌महिने झोपला होता. या चालीनं आपण दोघी निवृत्त होऊ, तरी हा पोचायचा नाही."

"एकदम ओढला तर..."

"ओढायचा कशाला? बंद करायचा, खरी वेळ द्यायची, पुन्हा सुरू करायचा. तूच शिकवलंस ना मला? हळूहळू काढायचा तो थोडाथोडका फरक. आणि हे बघ, हा आपली खोटी वेळ बाकीच्यांनाही सांगत बसला होता. त्यांनी पडताळून पाहिलं आणि याला विचारणंच सोडून दिलं."

थोरलीनं तो सर्व्हर बंद केला, खरी वेळ दिली आणि पुन्हा सुरू केला. मग तिनं पर्स उचलली.

बाबा पलंगाच्या कडेला बसले होते. दाढी केलेली, अंगात इस्त्रीचा शर्ट.

"आलीस? चल. डॉक्टर हो म्हणालेत. जाऊन तिला भेटून येऊ."

थोरली स्टूल ओढून समोर बसली.

"बाबा, आई गेली. त्याच दिवशी, गाडीतच. तुम्ही बेशुद्ध होतात."

बाबा शर्टाच्या बटणांकडे बघत राहिले. बाहेर कुणीतरी ट्रॉली ढकलत गेलं.

"मग चष्मा?"

"काय?"

"सापडला म्हणाली होती ना?"

"मी म्हणाले होते, बाबा."

"आणि ताट परत पाठवू नका?"

"तेही मीच."

"आणि ताप?"

"ताप नव्हताच, बाबा."

बाबा बटणं काढू लागले. वरचं बटण निघेना. ती मदतीला सरसावली तसा त्यांनी तिचा हात बाजूला केला. झिडकारला नाही. बसायच्या जागेवर परक्याची पिशवी असावी आणि ती आपण उचलून ठेवावी, तसा ठेवला.

मग त्यांनी विचारलं, "किती वाजले?"

"साडेचार."

थर्मामीटर घेऊन सिस्टर आत आल्या, तसे बाबा दाराकडे वळले.

"सिस्टर, किती वाजले हो?"

"साडेचार, आजोबा."

"बरं," बाबा म्हणाले आणि आडवे झाले.