केवळाबाईंनी मोजलेल्या चार साड्या

सुपारी फुटली त्या दिवशी पालमच्या केवळाबाईंनी पानाला चुना लावता लावता एक वाक्य सोडलं आणि बोरीच्या कस्तुराबाईची झोप उडवली.

"बोरीच्या बायका लय काटकसरी हो! एकच लुगडं. दिवसा नेसायचं, रात्री पांघरायचं, आन् लग्न निघालं की त्याचाच मांडव घालायचा!"

बैठक हसली. कस्तुराबाई मुलीची आई, तिलाही हसावं लागलं. दाढा दिसेपर्यंत हसली, पण आत तवा तापला. कारण केवळाबाई म्हणजे साध्या विहीणबाई नव्हत्या. त्यांच्या तोंडून निघालेली गोष्ट पालममध्ये म्हण होऊन बसायची. त्यांनी एकदा एका शेळीला आळशी म्हटलं, तर त्या शेळीच्या नातवंडांनाही कुणी विकत घेईना. आणि लेकीला, रुख्मिणीला, नांदायला जायचं होतं याच बाईच्या घरात. उद्या भाकर करपली तरी 'एका लुगड्याची लेक', मीठ जास्त झालं तरी 'एका लुगड्याची लेक'.

"मी लग्नात चार साड्या नेसणार," कस्तुराबाईनं घरी येऊन जाहीर केलं. "हळदीला येक, अक्षतांना येक, पंगतीला येक आन् पाठवणीला येक."

तिच्या नवऱ्याच्या, आबासाहेबांच्या, हातातला अडकित्ता थांबला. "कापसाची येकच गाडी इकली हाय, कस्तुरा. तिच्यात जावयाचा पोशाख, पोरीचा शालू, आन् तुला येक साडी. चांगली घे, पर येकच."

"येकच घेते," ती म्हणाली. ती इतक्या गोडीनं म्हणाली, की आबासाहेबांना तेव्हाच भीती वाटायला हवी होती.

परभणीत घेण्यात अर्थ नव्हता. परभणीच्या दुकानात साडीची घडी मोडली, की तिचा भाव एसटीच्या आधी पालमला पोचायचा. म्हणून कस्तुराबाईनं बायनाबाईला, म्हणजे आपल्या थोरल्या नणंदेला, सोबत घेतलं आणि दोघी हैदराबादच्या गाडीत बसल्या. बायनाबाईचे मालक हयात असताना तिचा संसार तिकडेच झालेला. तिला दखनी अशी यायची, की टांगेवाले तिच्याशी भाव करायला घाबरायचे.

काचीगुडा स्टेशनला उतरून दोघी थेट पत्थरगट्टीच्या कापडबाजारात गेल्या, आणि कस्तुराबाईचे पाय रस्त्यातच रुतले. बाजार कसला, रंगांचा महापूर होता! एका दुकानातून पिवळा वाहत यायचा, समोरच्यातून निळा, आणि मधल्या रस्त्यावर माणसं हिरवी होऊन चालायची. तिच्या छातीत लेझीम सुरू झाली. कुठली साडी बोटानं चाचपू, कुठली गालाला लावू! पोचमपल्ली, गदवाल, बनारसी. नावंसुद्धा जिभेवर रेशमासारखी सरकायची.

पण बाईनं शुद्ध सोडली नाही. प्रत्येक दुकानात तिचा तोच प्रश्न.

"हळदीला चालंल, पर अक्षतांना शोभंल का? अक्षतांना शोभंल, पर पंगतीत वाढायला वाकता यील का? वाकता यील, पर लेकीच्या गळ्यात पडून रडलं तर जरी टोचंल का न्हाई?"

दुकानदार थकले. एकानं तर हात जोडून बायनाबाईला विचारलं, "अम्मा, इनको साडी होना क्या जादू होना?"

"जादूच होना," बायनाबाई म्हणाली.

"तो गली के आखिर में जाव."

गल्लीच्या टोकाला एक अंधारं दुकान होतं. तिथला गडी पहिलवान, मिशा लिंबू ठेवता येईल अशा. त्यानं वरच्या फळीवरून एक घडी काढली, कमरेला खोचली, पदर खांद्यावर टाकला आणि नवरीसारखा लाजून उभा राहिला. डाळिंबी रंग, भरजरी पदर. मग एक गिरकी घेतली. साडी हिरवी! पुन्हा नेसला, उलट्या टोकानं. आता हिरवीवर मोर नाचत होते. पुन्हा गिरकी घेतली तेव्हा डाळिंबीवर मोर आले, आणि बाहेर टांग्याचं घोडं चालायचं विसरलं.

"अम्मा, कपडा दुहेरी है, इधर का उधर नै दिखता," मिशीवाला म्हणाला. "दो रंगां, दो पदरां. ये साडी नै, चार बहनां हैं!"

कस्तुराबाईनं ती हातात घेतली. जन्मभर नऊवारी नेसलेली बाई, पण ही सहावारी तिला आपल्याच अंगावर वाढलेली वाटली.

"आक्का," ती नणंदेच्या कानात म्हणाली, "मालकानं येकच घे म्हणलं व्हतं. मी येकच घ्यायले बघ."

परतीच्या गाडीत तिला दम निघेना. संडासाच्या दाराशी बायनाबाई उभी राहिली आणि आत कस्तुराबाईनं नेसायचा सराव केला. डाळिंबी होऊन आत जायची, हिरवी होऊन बाहेर यायची. निजामाबाद येईस्तोवर हात असा बसला, की तिकीट तपासनिसानं बायनाबाईला दरडावलं, "तुमच्यासंगं चार बाया हाएत. बाकीची तिकिटं कुठायत?"

बायनाबाई एवढी हसली, की साखळी ओढल्यासारखी गाडी थांबली म्हणतात.

लग्नाचा दिवस उजाडला. हळदीला कस्तुराबाई हिरवीत आली, पाठीवर मोर. पालमच्या बायकांत कुजबूज उठली. केवळाबाईंचे डोळे बारीक झाले.

"येक," त्या मोठ्यानं म्हणाल्या, सगळ्यांना ऐकू जाईल असं. आणि विहिणीला हळद लावायचं निमित्त करून हळदीनं भरलेला हात उचलला. कस्तुराबाई मांडवाच्या खांबाभोवती पळाली, केवळाबाई मागं. खांब हलला, वरची पानं गळाली, वाजंत्रीवाल्यांनी चाल वाढवली. शेवटी फटकन पाचही बोटं मोरांच्या पदरावर उमटली.

"ल्येका ऽऽ!" बायनाबाई पुटपुटली. "पिवळा मोर झाला की."

धान्याच्या खोलीचं दार लागलं. उघडलं तेव्हा कस्तुराबाई डाळिंबीत होती, भरजरी पदर डोक्यावर. हळदीचा मोर आत कमरेला खोचलेला.

"दोन!" केवळाबाई म्हणाल्या. आवाज किंचित पातळ झाला होता.

अक्षता पडल्या. रुख्मिणी आणि नवरदेव बन्सीधर यांनी हार घातले. कस्तुराबाई पंगतीला वाढायला आली ती हिरवीत, सोन्याच्या पदरानं.

"तीन..."

आबासाहेबांच्या हातातलं बुंदीचं ताट कलंडलं. त्यांनी बायकोला खांबाआड गाठलं. "अगं, गाडी तर येकच इकली व्हती ना? का बैलबी इकले?"

"बैल गोठ्यात हाएत. जावा, वाढा पावण्यांना."

आणि पाठवणीच्या आधी डाळिंबीवर मोर घेऊन ती बाहेर आली, तेव्हा शेतातली लांडोर कुंपणावर येऊन बसली. पालमच्या बायका आता एका सुरात मोजत होत्या. "चार!"

इथपर्यंत सगळं देवानं चालवलं. पण शेवटची, विहिणींची पंगत बसली आणि केवळाबाई रुसल्या.

विहिणीचा रुसवा म्हणजे काही साधा राग नव्हे. तो मान असतो. वरमाय रुसली, की ती मागेल ते दिल्याशिवाय ताटाला हात लावत नाही, आणि तिनं घास घेतल्याशिवाय वरात हलत नाही. कुणी पैठणी मागतं, कुणी तोडे मागतं. केवळाबाईंनी तोंड फिरवलं आणि म्हणाल्या, "माझं मागणं लय न्हाई. विहीणबाईकडं चार साड्या हाएत. त्यातली येक द्यावी. ती हिरवी, मोराची."

सगळा मांडव कस्तुराबाईकडं बघायला लागला. तिच्या अंगावर डाळिंबी होती, आणि मागितलेली हिरवी त्याच डाळिंबीच्या पोटात होती.

धान्याच्या खोलीत बायनाबाईनं कपाळावर हात मारला. "झालं! हिरवी दिली तर डाळिंबी कुठून आणशील? आता पालममधी म्हण व्हणार बघ. पोरीचं काय खरं न्हाई."

कस्तुराबाई थोडा वेळ ज्वारीच्या कणगीला टेकून उभी राहिली. मग तिनं साडी सोडली, घडी घातली. दुहेरी रेशीम, घडी केली तरी उशीएवढं फुगलं. वरून नवऱ्याचं नवं उपरणं गुंडाळून गाठ मारली आणि खुंटीवरचं जुनं नऊवारी नेसून बाहेर आली.

"विहीणबाई," ती म्हणाली, आवाज वेशीपर्यंत गेला. "काळजाचा तुकडा दिला तुमाला, तिथं साडीचं काय! येक कशापायी? चारी घ्या!"

मांडवात उसासा उठला. वाजंत्रीवाला सनईत फुंकायचं विसरला. आबासाहेब खाली बसले ते थेट बुंदीत.

केवळाबाईंनी बोचकं मांडीवर घेतलं. वजन त्यांना कळलं. पदराआड गाठ सोडली. आत हिरवं, हिरव्यावर मोर, मोरावर पाच पिवळी बोटं. त्यांचीच. त्यांनी घडी उलटली. डाळिंबी. दुसरं टोक ओढलं. जरी.

त्यांनी मान वर केली. समोर कस्तुराबाई जुन्या लुगड्यात, हात जोडून, पापणी न लववता.

एक शब्द पुरेसा होता. पण 'येकच हाय' म्हणायचं तर सकाळपासून येक, दोन, तीन, चार कुणी मोजलं होतं? अख्ख्या पालमला कुणी मोजायला लावलं होतं?

"हाएत," केवळाबाई सावकाश म्हणाल्या. "चारी हाएत. बरोबर हाएत." गाठ पुन्हा घट्ट मारली आणि ताट पुढं ओढलं. "कढी वाढा गं कुणी."

वरात हलली. एका लुगड्याची गोष्ट पालममध्ये पुन्हा कुणी काढली नाही. उलट 'बोरीची विहीण अंगावरच्या चारी साड्या देती' अशी नवी म्हण झाली, आणि ती म्हण ऐकून बोरीच्या पोरींना दूरदूरची स्थळं येऊ लागली.

पंचमीला रुख्मिणी माहेरी आली ती हसतच आली. चपला काढायच्या आधीच सांगायला लागली.

"आई, परवा सासूबाईच्या भावाकडं बारसं व्हतं. सकाळी हिरवीत गेल्या, दुपारी डाळिंबीत. समदं गाव बघायलं! आन् साडी बदलायला दुसऱ्या कुणाला जवळ येऊ देत न्हाईत, मलाच हाक मारतेत."

"मग? काय म्हणतेत?" कस्तुराबाईनं श्वास धरून विचारलं.

"म्हणतेत, 'तुझी आई लय बेरकी हाय गं पोरी. ये आत. दार लाव, आन् ह्यो मोर धर.'"