उन्हाची तहान

दादा विजेचे प्रकल्प आखायचा आणि त्याची धाकटी बहीण ते जोखायची. कचेरी एकच, मजले वेगळे. प्रकल्प स्वतःला कितीही हिरवा म्हणवून घेवो, त्याला तांबं किती लागेल, खडी किती, जमीन किती, पाणी किती, हे तपासणं तिचं काम. कचेरीत तिला ‘चाळणी’ म्हणत, आणि तिला ते नाव मनापासून आवडायचं.

एकदा दादाचाच सौरप्रकल्प तिच्या टेबलावर आला. टेकडीमागच्या माळावर पॅनेलांच्या रांगाच रांगा.

“साहेब, सख्खा भाऊ आहे माझा,” ती म्हणाली.

“म्हणूनच तुला देतोय,” साहेब म्हणाले. “परक्याला एक वेळ सोडशील, त्याला नाही सोडायचीस.”

तांब्याचं जुळलं, लोखंडाचं जुळलं. घोडं अडलं ते पाण्यापाशी. माळावर धूळ मनस्वी. धूळ बसली की वीज घटते, म्हणून पॅनेलं दर आठवड्याला धुवायची असं दादाने ठरवलं होतं. पाणी खालच्या झऱ्याचं. आणि उन्हाळ्यात खालची अख्खी वस्ती त्याच झऱ्यावर तगायची.

धाकटीने जेवताना विषय काढला. “दादा, तुझ्या उन्हाला तहान फार लागते रे.”

दादाचा घास हातातच राहिला. “दोन वर्षं राबलोय मी त्यावर!”

“माहितीये. पण वस्तीने प्यायचं काय?”

झालं! त्या दिवसापासून दादा बहिणीला पाण्यात पाहू लागला, आणि यात अतिशयोक्ती काहीच नव्हती, कारण भांडण पाण्याचंच होतं. घरात अबोला. “आई, तिला सांग, मीठ इकडे दे.” “आई, त्याला सांग, त्याच्या कोपरापाशीच आहे.” आठवडाभर निरोप पोचवून आई विटली. “मी काय टपालखातं उघडलंय? जा दोघं त्या माळावर, काय ते भांडून या!”

गेले. माळावर दादाने नमुन्याच्या दोन रांगा उभ्या केल्या होत्या. पहिलीखालची जमीन खरवडून खडी टाकलेली. दुसरीच्या वेळी यंत्र बिघडलं, म्हणून तिथलं गवत तसंच राहिलेलं. धाकटीने पहिल्या रांगेवर बोट फिरवलं. बोट मातकट झालं. दुसरीवर फिरवलं आणि ती थबकली.

“दादा, हे कधी धुतलंस?”

“दोन्ही एकाच दिवशी.” अबोला मोडल्याचं त्याच्याही लक्षात आलं नाही. त्याने खिशातला पांढराशुभ्र रुमाल काढला आणि गवतावरचं पॅनेल पुसून पाहिलं. रुमाल जेमतेम मळला. “म्हणजे धूळ बाहेरून कमीच येते. आपणच जमीन उकरून ती उडवतोय!”

“आणि वर खडीही वाया घालवतोय,” चाळणी म्हणाली.

मग दोघं लहानपणी पतंगामागे धावायची तशी रांगांमधून धावत सुटली. पुढचा सगळा उन्हाळा त्यांनी दोन्ही रांगांची वीज मोजली. गवतावरच्या रांगेला धुणं क्वचितच लागलं, आणि तेवढं पाणी पावसाळ्यात एका टाकीत साठवून भागणार होतं. झऱ्याला हात लावायची गरजच उरली नाही.

उरला प्रश्न वाढत्या गवताचा. माळावर मेंढ्या चारणाऱ्या एका बाईंनी आपला कळप आणायचं कबूल केलं. दादाने उत्साहाने शेळ्यांचंही विचारलं.

“शेळ्या?” बाई पदरात तोंड लपवून हसल्या. “साहेब, त्या तुमच्या काचेवर चढून बसतील, आणि वायरी खातील ते वेगळंच!”

प्रकल्प मंजूर झाला. वीज सुरू झाली त्या दिवशी भाषणं फार लांबली. आई मधेच उठली ती थेट पॅनेलांच्या सावलीत, मेंढ्यांच्या शेजारी जाऊन बसली. दादा न्यायला गेला, तर म्हणाली, “इथे गार आहे. आणि ही मंडळी एकमेकांशी नीट वागतात. तुम्ही या जाऊन.”

धाकटीने भाषणाकडे पाठ फिरवली, चपला काढल्या आणि आईशेजारी गवतावर बसकण मारली. जरा वेळाने दादाही आला.