दर मार्चमध्ये

"नमस्कार, हॉलिस्टर डेंटल. बोला," मी फोनवर म्हटलं. पलीकडचा माणूस म्हणाला, "बाई, मला ट्रकात लेट्यूस भरायचंय. दात शाबूत आहेत माझे."

दातांचा दवाखाना मागच्या उन्हाळ्यातला, आयडाहोतला. त्यानंतर मी एका विमावाल्याकडे बसले, मग टाइल्सच्या दुकानात, आणि नोव्हेंबरपासून इथं वाळवंटाकडेच्या युमा गावात, लेट्यूसची पालेभाजी ट्रकांतून पाठवणाऱ्या कंपनीत. कुणी बाळंतपणाला गेलं, कुणाचं ऑपरेशन निघालं, कुठे हंगामाची गर्दी वाढली, की एजन्सी मला तिथे नेऊन बसवते. मी बदलीवरची बाई. तोंड उघडण्याआधी आपण कुठे बसलोय ते आठवावं, एवढं तरी इतक्या वर्षांत जमायला हवं होतं.

फजिती नेमकी योलांडाने ऐकली. ती इथली मॅनेजर, माझ्या मुलीच्या वयाची. हसत हसत येऊन टेबलाच्या कडेवर टेकली.

"डॉक्टरीणबाई, एक विचारायचंय. हंगाम संपला की जाणार तुम्ही?"

"सगळेच जातात."

"नका जाऊ. कायमच्या राहा. रजा, औषधपाण्याचा विमा, सगळं मिळेल. उद्या सकाळी सांगा हं, नाहीतर मला दुसरं कुणी बघावं लागेल."

मी हसून मान हलवली. आनंद झाला होता की धसका बसला होता, ते काही मला कळेना.

कायमचं राहायचं म्हणजे युमाचा भट्टीसारखा उन्हाळा काढायचा. आम्ही ट्रेलरवाले, म्हणजे चाकांवरच्या घरात राहणारे, थंडीपुरते इथे उतरतो आणि मार्च सरता सरता घर गाडीला जोडून उत्तरेला पळतो. माझा नवरा वेंडेल तर त्याही आधी नकाशा उघडून बसतो. गावाबाहेर सरकारी वाळवंटात फुकट राहता येतं, फक्त दोन आठवड्यांनी मुक्काम हलवायचा, असा नियम आहे. बाकीचे त्या नियमाला शिव्या घालतात. वेंडेल मात्र त्या दिवशी सणासारखा लवकर उठून दाढी करतो. या माणसाला कोणत्या तोंडाने सांगायचं?

दुपारी तो पाणी आणायला गावात येतो, तेव्हा जेवणाच्या सुट्टीत त्याला फोन केला. "योलांडा म्हणते, कायमच्या राहा."

"हं."

"हं काय? काय सांगू तिला?"

"तुझी नोकरी. तू ठरव." आणि फोन ठेवला.

संध्याकाळी मी माझी छोटी गाडी घेऊन वाळवंटात परतले, तर आमच्या जागेवर घर नव्हतं.

आधी वाटलं, मीच चुकले. असं एकदा झालंय. मुक्काम हलवल्याचं विसरून मी जुन्या जागी गेले होते आणि भलत्याच कुणाच्या दारात किल्ली घालत होते. म्हणून मागच्या पंधरवड्याची जागा जाऊन बघितली. तिथेही कुणी नाही. परत आले. हीच जागा. वेंडेलने रचलेली दगडांची चूल होती, शेजारी ऑर्व्हिलचा ट्रेलर होता. आज हलायचा दिवस होता का? तो सकाळी काही म्हणाला होता का? मला काही केल्या आठवेना. तिथे फोनलाही रेंज नसते.

मिनेसोटाचा म्हातारा ऑर्व्हिल निघायच्या तयारीत होता, पाण्याचा पाइप गुंडाळत होता.

"ऑर्व्हिल, आमचं घर कुठंय?" विचारताना माझं मलाच हसू आलं.

"अगं, दुपारीच जोडून गेला की तो! मला वाटलं, तुला ठाऊक असेल."

"काही म्हणाला?"

त्याने पाइप खाली ठेवला. "म्हणाला, आता पुरे झालं." मग हळूच, "तुमचं काही वाजलं का पोरी?"

मी मटकन त्याच्या खुर्चीत बसले. एका नोकरीपायी नवरा मला टाकून गेला, असंच मला वाटलं. आणि खरं सांगते, त्या घडीला नोकरी, विमा, योलांडा, मला काहीही नको होतं. ऑर्व्हिलने कॉफी दिली, ती हातातच निवली.

मग धुरळा उडवत वेंडेलची गाडी आली. मागे ट्रेलर नव्हता.

"कुठे उलथला होतास?" मी ओरडले.

"तुझ्या ऑफिसात. न्यायला गेलो, तर तू निघालेली." त्याचे हात कोपरापर्यंत काळे होते. "चल, माझ्या मागोमाग ये."

"सापडला एकदाचा," ऑर्व्हिल म्हणाला. "आता गळ्यात घंटा बांध त्याच्या."

वेंडेल मला गावातल्या ट्रेलर पार्कात घेऊन गेला. तिथली माणसं बारमाही राहणारी, दारात कुंड्या ठेवणारी. शेवटच्या टोकाला आमचं घर सिमेंटच्या ठोकळ्यांवर ठेवलेलं होतं. वहाणा काढून उभ्या राहिलेल्या माणसासारखं ते एकदम बुटकं दिसत होतं.

"चाकं कुठायत?"

"कायमचं राहायचं तर काढावी लागतात. पार्कच्या मालकाला देऊन टाकली."

"मला न विचारता?"

"तुला काय विचारायचं? दर मार्चमध्ये म्हणतेस, एकदा तरी आपल्या दारात लावलेलं झाड मोठं झालेलं बघायचंय."

"अरे, ते म्हणायचं म्हणून म्हणते!"

"मग खरं काय?"

"मला नाही माहीत, वेंडेल."

खरंच माहीत नव्हतं. मी राग काढायला शब्द शोधत होते आणि डोळ्यांतून पाणी गळत होतं.

"ऑर्व्हिलला म्हणालास, पुरे झालं."

"मग? दर वेळी कुणातरी भलत्या बाईच्या खुर्चीत जाऊन बसतेस. माझ्या हौसेपायी. पुरे नाही झालं?" एवढं बोलून तो साबण घेऊन नळाकडे गेला आणि कितीतरी वेळ हात धूत राहिला.

रात्री राजम्याचं सूप प्यालो. वाढायला वेंडेल उठला आणि आम्ही दोघांनीही सवयीने आपापला वाडगा धरला. कुणी उठलं की आमचं घर हलतं. ते हललं नाही.

सकाळी योलांडाला हो सांगितलं. तिने मला मिठीच मारली. मग संगणकासमोर बसून म्हणाली, "पत्ता सांगा."

मी वेंडेलला फोन लावला.

"आपला पत्ता काय?"

"थांब, बाहेर जाऊन बघतो." खडीवर त्याची पावलं वाजली. अमेरिकेतला कुठला रस्ता कुठे फुटतो, हे या माणसाला झोपेत विचारा, सांगेल. "सत्तावीस. पालो... पालो व्हर्दे लेन."

"आणि झिप कोड, पोस्टाचा?"

"तो नाही लिहिलेला पाटीवर." मग दार ठोठावल्याचा आवाज, कुत्र्याचं भुंकणं, एका बाईचा आवाज. आणि वेंडेल, नोकरी मागायला गेलेल्या माणसासारखा हळू बोलत होता, "माफ करा हं. आम्ही इथे राहतो. आमचा झिप कोड काय आहे, सांगता का?"