घडी मोडायचा मान

त्या घरात नव्या कपड्याची घडी मोडायचा मान ताईचा असे, आणि धाकटीच्या वाट्याला येई ते ताईच्या अंगावरून उतरलेलं. फ्रॉक धाकटीपर्यंत पोचेतो त्याचा रंग विटलेला, काखेत रफू केलेलं आणि बटणं तीन जातींची. आई म्हणायची, "कापड कसं मऊ झालंय बघ, तुझ्यासाठीच मुरवलंय." धाकटीला हा विनोद कधीच आवडला नाही. दहावीच्या वर्षी तिने ताईचा एक जुना ड्रेस जमिनीवर आपटला आणि जाहीर केलं, "मी मेले तरी यापुढे कुणाचं उतरलेलं घालणार नाही." आई हसून विसरली. ताई विसरली नाही.

पुढे ताईला रक्त तपासायच्या लॅबमध्ये नोकरी लागली. तेव्हापासून दुकानातून नवा कपडा यायचा तो धाकटीसाठीच. ताई स्वतः आईच्या कपाटातलं, नाहीतर मामेबहिणीने दिलेलं घालायची. "वरून पांढरा कोट असतो, आत काय घातलंय ते कोण बघायला बसलंय," म्हणायची. नवा ड्रेस धाकटीच्या हातावर ठेवताना मात्र तिचा चेहरा खुलायचा. "घे, घडी तू मोड," एवढंच बोलायची.

पदवी हातात पडली आणि धाकटी परदेशी नोकरीला गेली. बॅगेत ताईने घेतलेले सहा कोरे ड्रेस होते. पहिल्याच दिवशी ती त्यातला गर्द पिवळा घालून ऑफिसात गेली. शेजारच्या टेबलावरच्या मुलीने अगदी मनापासून विचारलं, "आज तुमच्याकडे काही सण आहे का?" त्या बिचारीच्या मनात काळंबेरं नव्हतं. पण आजूबाजूला सगळे राखाडी नि काळ्या कपड्यांत, आणि मध्ये ही झेंडूच्या ढिगासारखी. धाकटीने दिवसभर कोट अंगावरून काढला नाही, आणि पिवळा ड्रेस परत कधी घातला नाही.

मग तिला ते दुकान सापडलं. तिच्या खोलीपासून दोन गल्ल्या सोडून, जुन्या कपड्यांचं. लोकांनी वापरून आणून दिलेले कपडे दुकानवाली वाफेच्या इस्त्रीने नीट करून टांगायची. तिथे धाकटीला एक पुरुषी लोकरी कोट मिळाला, कोपरांवर चामड्याचे तुकडे लावलेला. मग उंच कमरेची पँट, रुंद पट्टा, कुणाच्या तरी आजीचा ब्रोच. ऑफिसात वाहवा झाली. अंगावर मूठभर मांस चढलं. ती फोनवर स्वतःचे फोटो टाकू लागली आणि त्याखाली लिहू लागली, 'माझे कपडे, माझी ओळख.' म्हणजे सख्ख्या बहिणीचं उतरलेलं हिला चालत नव्हतं, पण ज्याचं नाव-गाव माहीत नाही अशा माणसाच्या घामाचा कोट म्हणजे हिची ओळख. शिकलेल्या माणसाला एवढं तरी कळावं की नाही? पण शिकलेल्या माणसाला कळत नाही असं नाही, त्याला ते सोयीने कळतं.

दर वाढदिवसाला ताईचं पार्सल यायचं. नवा कोरा कुर्ता, बाह्या ताईने हाताने जोडलेल्या. आपल्याकडे तयार कुर्त्यांच्या बाह्या आत सुट्या टाचलेल्या असतात, त्या आपल्या आपण लावून घ्यायच्या. कुर्ता धाकटीला खांद्यात उतरायचा, कमरेत ढगळ व्हायचा. ती तो घालून व्हिडिओ कॉलपुरती बसायची, वरून कुर्ता आणि खाली घरातली पँट.

"घडी मोडलीस?" ताई विचारायची.

"मोडली ना! ऑफिसात सगळ्या विचारत होत्या, कुठून घेतलास."

"खरंच?" ताई खूश व्हायची. दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये सगळ्यांना सांगायची. आणि दुसऱ्याच दिवशी इकडे तो कुर्ता पिशवीत भरून दुकानवालीकडे जायचा. कोरा माल म्हणून दुकानवाली तो हसत घ्यायची आणि त्याच्या बदल्यात धाकटी दुकानातलं हवं ते उचलायची. असा तिच्या ओळखीतला बराचसा भाग ताईच्या पार्सलांवर उभा होता.

ताईला रजा मिळाली आणि ती पंधरा दिवसांसाठी बहिणीकडे राहायला आली. आल्याआल्या तिने कपाट उघडलं. "सगळं कसं आजोबांच्या काळातलं वाटतंय गं."

"इथे तशीच फॅशन आहे."

"असेल बाई. मी पाठवलेले कुठेत?"

"ड्रायक्लीनला दिलेत."

"सगळे एकदम?"

"हो. तू येणार म्हणून," धाकटी म्हणाली आणि चहा टाकायला पळाली. ताईने विश्वास ठेवला. तिला धाकटीच्या बोलण्यावर अविश्वास ठेवायची सवयच नव्हती, आणि धाकटी याच सवयीवर इतकी वर्षं निभावत आली होती.

शनिवारी दोघी मोठ्या बाजारात जायला निघाल्या. बस-स्टॉपकडे जाताना धाकटी मुद्दाम लांबच्या रस्त्याने वळत होती, तर ताई म्हणाली, "ही गल्ली सरळ जातेय की." आणि चालू लागली. धाकटी तिच्या मागे धावली.

दुकानाच्या काचेत, डोकं नसलेल्या पुतळ्यावर, गेल्या वाढदिवसाचा राणी रंगाचा कुर्ता होता. कमरेला पट्टा बांधलेला.

"अगं हे बघ! अगदी आपल्या..." ताई बोलता बोलता थांबली. काचेला नाक लावून तिने बाह्यांकडे पाहिलं. आपल्या हातचा टाका माणूस ओळखतोच. तरीही तिने जगात तसे टाके घालणारं दुसरं कुणी असेल अशी आशा धरली असावी, कारण ती आत गेली.

दुकानवालीने धाकटीला पाहताच आनंदाने हात वर केले. ती तिथल्या भाषेत भराभर बोलत सुटली. धाकटीकडे बोट दाखवलं, कुर्त्याकडे दाखवलं, आत तसंच राहिलेलं गावाकडच्या दुकानाचं लेबल उलटून दाखवलं, आणि ताईकडे बघून कौतुकाने मान डोलावली.

"काय म्हणतेय ती?" ताईने विचारलं.

"काही नाही. कापड चांगलं आहे म्हणतेय."

"आणि तुझ्याकडे बोट का दाखवतेय?"

खोटं बोलायला धाकटीला कधी वेळ लागला नव्हता, आज नेमका लागला.

ताई थोडा वेळ कुर्त्यावरून हात फिरवत राहिली. मग खुणेनेच तिने तो मागितला आणि पडद्यामागे गेली. "घडी मीच मोडते मग," ती पडद्याआडून म्हणाली. आवाज साधा होता.

बाहेर आली तेव्हा कुर्ता तिच्या अंगावर असा बसला होता, जणू शिंप्याने माप घेऊन शिवलेला. आणि बसणारच. दरवेळी दुकानात तिने कपडा स्वतःच्याच खांद्याला लावून पाहिला होता. घरात लहानपणापासून माप ताईचंच घ्यायचे, तिला बसलं की धाकटीला आज ना उद्या बसेलच, असा हिशेब. धाकटी तिच्याहून कितीतरी बारीक राहिली, हे ताईच्या डोक्यातच आलं नव्हतं. रंगही तिने दरवेळी स्वतःला आवडलेला निवडला होता. हे सगळं धाकटीला आत्ता, आरशासमोर उभ्या असलेल्या बहिणीकडे बघताना कळलं.

"यात मी बरी दिसते की गं," ताई म्हणाली. तिलाच नवल वाटलं होतं.

"ताई, मी तुला सांगणार होते..."

"हिला द्यायचं काय ते विचार."

"काही नाही. माझ्या नावावर जमा आहे."

"कशाचं जमा?" ताईने विचारलं आणि मग तिलाच उत्तर सापडलं. ती किंचित हसली. "असू दे."

"रागावलीस ना? शिव्या दे मला."

"रागवायचं काय त्यात? तुला आवडत नव्हते, तर सांगायचंस. मी उगीच इतकी वर्षं दुकानं पालथी घालत बसले." तिने आरशात बघून बाही सारखी केली. "बरं झालं. आता तुझं तू घेतेस, छान घेतेस. यापुढे मी माझ्यापुरतं बघेन."

धाकटीने त्या वाक्यात टोमणा शोधला. टोमणा असता तर तिला भांडता आलं असतं, रडता आलं असतं, संध्याकाळपर्यंत दोघी पुन्हा एका पांघरुणात शिरल्या असत्या. पण ताईने ठरवून टाकलं होतं, आणि तिला त्यात हलकंच वाटत होतं. ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

आजवर घरच्या गावातल्या कुठल्याशा दुकानात एक बाई हातात कपडा धरून धाकटीचा विचार करत उभी राहायची. चुकीच्या मापाचा, नको त्या रंगाचा, पण विचार तिचाच. आता ती बाई तिथे स्वतःसाठी उभी राहणार होती. जगात दुसरं कुणी धाकटीसाठी तसं उभं राहत नव्हतं.

"चल गं, बस जाईल," ताई दारातून म्हणाली, आणि तिची वाट न बघता पुढे निघाली.